विश्लेषण : भाजलेल्या जखमेच्या ड्रेसिंगची वेदना व्हीआर चष्म्याने कमी होते?

महाड एमआयडीसीत रसायनांचे कारखाने, तर महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर अजूनही चुली. भाजण्याचा धोका दोन्हीकडे. भाजलेल्या रुग्णाची खरी परीक्षा असते ती पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या ड्रेसिंगची.

व्हीआरचा उपाय काय?
अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९०च्या दशकात भाजलेल्या रुग्णांवर हा प्रयोग सुरू केला. त्यांच्या ‘स्नोवर्ल्ड’ या खेळात रुग्ण बर्फाळ दरीतून जात पेंग्विनवर बर्फाचे गोळे फेकतो. तेवढ्यात ड्रेसिंग उरकते.

वेदना कमी का होते?
वेदना जाणवायला लक्ष लागते आणि मेंदूची लक्ष देण्याची क्षमता मर्यादित असते. २००४ मध्ये निरोगी स्वयंसेवकांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये व्हीआरवेळी वेदनेशी संबंधित भागांची सक्रियता घटलेली दिसली.

मर्यादा कोणत्या?
हा वेदनाशामकांना पर्याय नाही, जोड आहे. काहींना मळमळते. चेहरा भाजला असेल तर चष्मा लावणे अवघड. फिट येत असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

चष्मा नसेल तर?
तत्त्व तेच. डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक वेळेवर घ्यावे आणि ड्रेसिंगवेळी मुलाच्या हाती मोबाइलवरचा आवडता खेळ द्यावा.