गालावर स्टिकर, वय २ हजार वर्षं

अमेरिकेतलं ऑस्टिन शहर, २०१८ साल. जुन्या वस्तूंचा धंदा करणारी एक बाई सेकंडहँड मालाच्या दुकानात शिरली. टेबलाखाली जमिनीवर एक संगमरवरी पुतळा होता, नुसतं डोकं आणि खांदे. गालावर किमतीचं पिवळं स्टिकर : ३४ डॉलर ९९ सेंट! तिने तो उचलला (म्हणजे उचलवून घेतला, वजन २३ किलोच्या वर) आणि गाडीत चक्क सीटबेल्ट लावून घरी आणला.

पुढे लिलावगृहाच्या तज्ज्ञांनी सांगितलं, हा अस्सल रोमन आहे, २ हजार वर्षांपूर्वीचा. जर्मनीतल्या आशाफेनबुर्गमध्ये बव्हेरियाच्या राजाने पॉम्पेईतल्या घराची हुबेहूब नक्कल उभारली होती, तिथला. दुसऱ्या महायुद्धात त्या वास्तूवर बॉम्ब पडले आणि पुतळा गायब झाला. तो कुणा अमेरिकन सैनिकाने आणला असावा, असा अंदाज आहे.

जॅकपॉट? छे! बव्हेरियाने पुतळा कधी विकलाच नव्हता, त्यामुळे मालकी अजून त्यांचीच. बाईला तो विकताही येईना, ठेवताही येईना. वकील आला, बोलणी लांबली. तोवर पुतळा तिच्या दिवाणखान्यात. तिने त्याचं नावही ठेवलं, एका टीव्ही मालिकेतल्या पात्रावरून, डेनिस! शेवटी २०२२मध्ये तो सॅन अँटोनियोच्या म्युझियममध्ये मांडला गेला आणि वर्षभराने जर्मनीला रवाना झाला. पिवळ्या स्टिकरवाला तिचा फोटो तेवढा जगभर फिरला.

न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूवरच्या एका घरात तर सम्राट कॅलिगुलाच्या जहाजावरची रंगीत फरशी ४५ वर्षं कॉफी टेबल म्हणून वापरात होती. म्हणजे वर कप, खाली कॅलिगुला! इटलीच्या नेमी सरोवरातून काढलेली ती जहाजं १९४४ साली म्युझियमसकट जळाली. ही फरशी मात्र वाचली आणि २०१७मध्ये इटलीला परत गेली.

मला सगळ्यात चटका लावला तो न्यू ऑर्लिन्सच्या दगडाने. २०२५मध्ये एक जोडपं परसातलं रान साफ करत होतं, तेव्हा लॅटिन अक्षरं कोरलेली संगमरवरी पाटी हाती लागली. ती निघाली सेक्स्टस काँजेनियस व्हेरस नावाच्या रोमन खलाशाच्या थडग्यावरची. ती होती इटलीतल्या चिविटावेकियाच्या म्युझियममधली, आणि तेही महायुद्धात बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेलं. बातमी आल्यावर घराची आधीची मालकीण पुढे आली. ही पाटी तिच्या आजोबांकडची. ते युद्धकाळात इटलीत होते. घरच्यांना ती शोभेची वस्तू वाटायची, म्हणून तिने बागेत ठेवली आणि घर विकताना तिथेच विसरली.

पाटी आता इटलीला परत पाठवण्यासाठी एफबीआयकडे सोपवली आहे. तिच्यावरचा मजकूर अगदी थोडका : हा मूळचा थ्रेसचा, आरमारात २२ वर्षं नोकरी, जहाजाचं नाव अस्क्लेपियस, ४२ वर्षं जगला. पाटी बसवली त्याच्या दोन वारसांनी. त्यांचीही नावं खाली कोरलेली आहेत.