जर्दाळू : आंबटगोड पाहुणा

शिरूर काय आणि दौंड काय, आपल्या बाजारात जर्दाळू भेटतो तो सुक्या मेव्याच्या दुकानात, मनुका-अंजिरांच्या शेजारी. ताजा जर्दाळू झाडावरून तोडून खाल्लेला माणूस आमच्या भागात विरळाच. मग पुष्कळजण विचारतात, ‘डाळिंब आलं, द्राक्षं आली, मग हे झाड आपल्या रानात का लावू नये?’

उत्तर थंडीत आहे. हे झाड हिवाळ्यात पानं गाळून झोपी जातं. सुमारे सात अंशांखालची थंडी शेकडो तास मिळाल्याशिवाय त्याचे कळे नीट उमलत नाहीत. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे हुडहुडी भरते खरी, पण दहा वाजता ऊन चटके देऊ लागतं. म्हणून जर्दाळू लडाखचा, काश्मीरचा, अफगाणिस्तानचा. लडाखच्या ‘रक्तसे कार्पो’ या जातीला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रोपं विकणारा काहीही सांगो, आपण त्यात पैसे अडकवू नयेत.

आता खरेदीचं. मऊ, झगझगीत केशरी, बी काढलेले जर्दाळू बहुधा तुर्कस्तानचे. तो रंग टिकतो गंधकाच्या धुरीमुळे. दम्याच्या रुग्णांनी ते जपून खावेत. दुसरे लहान, तपकिरी, दगडासारखे टणक आणि बीसकट. दिसायला गरीब, पण माझं मत विचाराल तर चव यांचीच! धुऊन रात्रभर भिजत घालावेत, सकाळी टम्म फुगतात.

फारसीत ‘जर्द’ म्हणजे पिवळा आणि ‘आलू’ म्हणजे आलुबुखारा. हे नाव पारशी मंडळींनी ताटातही आणलं. त्यांच्या ‘जर्दालू सल्ली बोटी’त मटणाच्या रश्शात जर्दाळू शिजतात आणि वर बटाट्याची कुरकुरीत सळी पसरतात. हैदराबादेत साखरेत शिजवून, साय घालून ‘खुबानी का मीठा’ करतात. एवढा खटाटोप नको असेल तर भिजवलेले चार जर्दाळू कुस्करून आमटीत घाला. चिंच-गूळ निम्म्यावर येतात. लाल तिखट, सुंठ, मीठ आणि थोडं व्हिनेगर घालून आटवलं की चटणी होते. बाजरीच्या भाकरीशी ती झकास लागते.

राहिली बी. ती फोडून आतला बदामासारखा गर खायची मुलांना भारी हौस. काही जातींत तो गोड असतो, काहींत कडू. कडू गरात अमिग्डालिन असतं आणि पोटात गेल्यावर त्यापासून सायनाइड तयार होतं. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ साली इशारा दिला की, मोठ्या माणसालाही एका वेळी तीनहून अधिक लहान कच्चे गर धोक्याचे ठरू शकतात. अगदी लहान मुलाला एकही. ‘कर्करोगावर औषध’ म्हणून हे गर विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पोरांच्या हाती जर्दाळू द्यायचा तो बी काढूनच.