आसारीचं वजन कुठे असतं?

संक्रांत जवळ आली की येवल्यात पतंगाइतकाच मान आसारीला मिळतो. इतर गावांत दोरा फिरकीवर गुंडाळतात. इथे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस हलकडीच्या तालावर गच्चीगच्चीवर आसारी फिरत असते. मधोमध लांब दांडी, तिच्यापासून अंतर राखून बसवलेल्या बांबूच्या पाती आणि त्या पातींवर दोरा, एवढीच तिची रचना. आतली जागा जवळजवळ रिकामी.

या रिकाम्या जागेतच तिचं सगळं कसब आहे, असं मला ती फिरताना पाहून वाटतं. दांडीपासून पातीपर्यंत 15 सेंटिमीटर अंतर असलेली सहापाती आसारी घ्या. तिच्या एका फेऱ्यात 90 सेंटिमीटर दोरा आत येतो. 4 सेंटिमीटर त्रिज्येच्या फिरकीवर एका फेऱ्यात जेमतेम 25. म्हणजे 90 मीटर दोरा ओढून घ्यायला आसारीचे 100 फेरे पुरतात, फिरकीचे 360 च्या आसपास लागतात. पतंग कटला आणि लोंबणारा दोरा कुणी पकडायच्या आत गुंडाळायचा असला की हा फरक हाताला लगेच कळतो.

पण या लांबीची किंमत मोजावी लागते. फिरणाऱ्या वस्तूचं वजन किती, एवढंच पाहून भागत नाही. ते आसापासून किती दूर आहे हेही पाहावं लागतं, आणि त्या अंतराचा वर्ग धरावा लागतो. यालाच जडत्व आघूर्ण म्हणतात. तेच वजन 4 ऐवजी 15 सेंटिमीटरवर नेलं, तर ते तेवढ्याच वेगाने फिरवणं सुमारे 14 पट जड जातं. तरीही आसारी परवडते, कारण तिला तेवढ्या वेगाने फिरावंच लागत नाही. दोरा सारख्याच वेगाने आत घ्यायचा आणि कडेचं वजनही सारखंच असेल, तर ते वजन फिरतं करायला लागणारी ऊर्जा लहान-मोठ्या दोन्ही घेरांत तेवढीच भरते. शेवटी प्रश्न घेराचा उरत नाही, कडेवर वजन किती ठेवलं याचा उरतो. म्हणून पाती जितकी बारीक आणि तरीही न वाकणारी, तितकं काम चोख. बांबू याला फार योग्य आहे.

सहापाती की आठपाती, हा वादही इथेच येतो. सहा पातींत दोऱ्याचा आसापासूनचा पल्ला फेऱ्यागणिक 13 ते 15 सेंटिमीटरमध्ये वरखाली होतो, त्यामुळे ओढ हिसक्याने बसते. आठ पातींत तो जवळजवळ 14 च्या खाली जात नाही, दोरा सरळ येतो. मात्र दोन पातींचं वजन कडेवर वाढतं. मला स्वतःला आठपाती आवडते.

दोरा भरला की आसारीचा स्वभावच बदलतो. सगळा दोरा कडेवर बसतो, आणि तिथलं वजन सगळ्यात महाग. ती सुरू व्हायला वेळ घेते आणि थांबायलाही. ढील देताना वाऱ्याने पतंग दोरा खेचतो, आसारी वेग धरते; पतंग थबकला तरी ती फिरतच राहते, दोरा सैल पडतो आणि गुंता होतो. म्हणून आसारी धरणारा उडवणाऱ्याइतकाच तयारीचा लागतो. त्याचा हात दांडीवर अलगद रोध ठेवून असतो.

पैठणीच्या या गावात विणकरांच्या घरी रेशमाच्या लडी उकलायलाही हलक्या, पोकळ फिरत्या चौकटी वापरतात. तिथेही तेच कारण: जड चौकट फिरती करायला जास्त ओढ लागली तर नाजूक तार तुटेल.

आसारी विकत घेताना नुसती उचलून पाहू नका. दांडी आडवी, सैल धरून रिकामीच फिरवा आणि आपोआप थांबू द्या. असं चार-पाच वेळा करा. दर वेळी तीच पाती खाली येऊन थांबत असेल, तर त्या बाजूला वजन जास्त आहे; भरल्यावर ती थरथरणार. दर वेळी वेगळी पाती खाली आली, तर ती आसारी घ्या.