लाईट गेली आणि प्रिंटर ‘ऑफलाइन’? आधी त्याचा पत्ता पक्का करा!

आपल्या मोडनिंबसारख्या गावात बऱ्याच दुकानांची रचना सारखीच असते. पुढे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान, मागे किंवा माडीवर घर. वायफाय राउटर एकच, प्रिंटरही एकच. काउंटरच्या कॉम्प्युटरवरून सातबारा निघतो, घरातल्या लॅपटॉपवरून मुलांचा प्रोजेक्ट. सगळं सुरळीत चालू असतं आणि एक दिवस लाईट जाऊन येते. प्रिंटर चालू, वायफाय चालू, पण स्क्रीनवर ‘ऑफलाइन’. त्यात पीक विम्याची शेवटची तारीख असेल तर गिऱ्हाईक थांबत नाही, शेजारच्या दुकानात जातं.

अशा वेळी बरेच जण ड्रायव्हर काढून परत टाकतात. प्रिंटर चालूही होतो, पण पुढच्या वेळी लाईट गेली की पुन्हा तेच. कारण बिघाड बऱ्याचदा ड्रायव्हरमध्ये नसतोच, प्रिंटरचा पत्ता बदललेला असतो.

पत्ता का बदलतो?

राउटर प्रत्येक मशीनला एक आयपी ॲड्रेस देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. हा पत्ता भाड्याच्या खोलीसारखा असतो, कायमचा नाही. राउटर बंद होऊन चालू झाला की तो कधी कधी नव्याने वाटप करतो. मग ५ नंबर मोबाईलला जातो आणि प्रिंटरला ८ मिळतो. कॉम्प्युटर मात्र अजून ५ नंबरचंच दार वाजवत बसतो.

कायमचा उपाय

१. प्रिंटरच्या मेनूमधून किंवा बटण दाबून कॉन्फिगरेशन पेज काढा. त्यावर आयपी ॲड्रेस आणि १२ अक्षर-अंकांचा मॅक ॲड्रेस असतो. वायफायने जोडलेला असेल तर वायफायचाच मॅक घ्या.

२. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या खालच्या स्टिकरवर बघा. पासवर्ड माहीत नसेल तर नेट जोडून देणाऱ्याला विचारा.

३. आत ‘डीएचसीपी’ मध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा. प्रिंटरचा मॅक टाकून त्याच्यापुढे एक आयपी राखून ठेवा. सेव्ह करा, प्रिंटर बंद-चालू करा.

४. आता कॉम्प्युटरवर ‘ॲड प्रिंटर’ मध्ये जाऊन ‘टीसीपी/आयपी ॲड्रेस’ हा पर्याय निवडा आणि तोच पत्ता टाका. विंडोजने आपोआप शोधलेला प्रिंटर बऱ्याचदा ‘डब्ल्यूएसडी’ पोर्टवर जोडला जातो आणि तो मध्येच ऑफलाइन दाखवतो.

शेवटी राउटर मुद्दाम बंद-चालू करून टेस्ट पेज काढा. निघालं की काम झालं.

तरी प्रिंट येत नसेल तर

• मोबाईल किंवा लॅपटॉप ‘गेस्ट’ वायफायवर नाही ना, ते बघा. गेस्टवरून प्रिंटर सहसा दिसत नाही.

• प्रिंटर वायफायला जोडताना २.४ गिगाहर्ट्झचं नाव निवडा. बरेच स्वस्त प्रिंटर ५ गिगाहर्ट्झ पकडत नाहीत.

• प्रिंट अडकली असेल तर ‘सर्व्हिसेस’ मध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ रीस्टार्ट करा.

• पोर्टच्या सेटिंगमध्ये ‘एसएनएमपी स्टेटस’ ची टिक काढून बघा. प्रिंटर चालू असून ऑफलाइन दिसण्याचं हेही एक कारण असतं.

प्रिंटर फक्त यूएसबीचा असेल तर

मग तो एका कॉम्प्युटरला लावून शेअर करावा लागतो. तो कॉम्प्युटर चालू असेल तेव्हाच दुसरीकडून प्रिंट निघते, झोपेत गेला की नाही. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ ठेवा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लॉगिन मागितलं तर पिन चालत नाही, अकाउंटचा पासवर्डच लागतो.

इथेच एक धोका आहे. २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची मोठी त्रुटी उघड झाली. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने प्रिंटिंगची सुरक्षा कडक केली आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर अनेकांचे शेअर केलेले प्रिंटर ‘११बी’ ने संपणारा एरर देऊन बंद पडले. त्यावर रजिस्ट्रीतली एक व्हॅल्यू शून्य करण्याचा उपाय खूप व्हिडिओंमध्ये सांगतात. प्रिंट चालू होते, खरं आहे. पण तेच कुलूप तुम्ही उघडं टाकता. त्याच कॉम्प्युटरमधून लोकांची आधार कार्डं, बँक पासबुकं जात असतात. गिऱ्हाइकाने आपल्यावर विश्वास टाकून दिलेली कागदं आहेत ती! त्यापेक्षा दोन्ही कॉम्प्युटर अपडेट करा. नवीन प्रिंटर घेताना मात्र थोडे जास्त पैसे गेले तरी वायफाय किंवा लॅन केबलवालाच घ्या.

राखून ठेवलेला आयपी एका चिठ्ठीवर लिहून प्रिंटरला चिकटवा. तुम्ही बाजारला गेलात तरी घरातलं कुणीही दुकान सांभाळू शकेल.

हे सेटिंग शेवटच्या तारखेला नको, आज दुपारी दुकानात गर्दी नसताना करून टाका. अडलात तर राउटरचं मॉडेल कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत बघू.