स्पीकर जुने, घर नवे

मे महिन्याच्या अखेरीस गगनबावड्याहून मामांचा फोन आला. ‘‘स्पीकर बदलायचे ठरवलंय. पाऊस लागायच्या आत आणून टाकू म्हणतो. तू एकदा येऊन ऐकून जा.’’

मामांकडची टॉवर स्पीकरची जोडी वीस वर्षांपूर्वीची. माणसाच्या कमरेएवढी उंच, प्रत्येकात दोन वूफर आणि वर एक ट्वीटर. त्यांच्याच समोर बसून मी पहिल्यांदा ख्याल ऐकायला शिकलो. त्यामुळे कोल्हापूर सोडून कळे, असळज करत ते पंचावन्न किलोमीटर मागे टाकताना माझ्या मनात स्पीकरच्या किमतीपेक्षा त्या आवाजाचाच विचार जास्त होता.

मामांच्या तक्रारी तीन. खालचा आवाज घुमतो. बंदिशीचे शब्द पूर्वीसारखे स्वच्छ लागत नाहीत. आणि डावीकडच्या स्पीकरमधून मधूनच खरखर येते. दुकानदाराने निदान एका वाक्यात सांगून टाकलं होतं: वस्तू जुनी झाली, आता नवीन घ्या. नव्या जोडीचा भाव ऐंशी हजारांच्या पुढे.

वस्तू जुनी झाली म्हणजे नेमकं काय झालं, हा प्रश्न आधी विचारायला हवा. मोबाइल पाच वर्षांत जुना होतो, कारण त्यातलं तंत्रच बदलतं. स्पीकरचं तसं नाही. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, त्याला चिकटलेला कोन, आणि वेटोळ्यातून वीज वाहिली की कोनाने हवा ढकलायची, ही रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली मांडली. आज दुकानात मिळणारे बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात. साहित्य सुधारलं, मोजमाप अचूक झालं, डब्याचं गणित पक्कं झालं. तरी वीस वर्षांपूर्वीचा नीट बनवलेला स्पीकर केवळ वयामुळे मागे पडत नाही. तो आजारी मात्र पडतो. आणि आजारी पडायला गगनबावड्यासारखी दुसरी जागा नाही.

घाटमाथ्यावरच्या या गावात एका पावसाळ्यात कधीकधी ५००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. करूळ आणि भुईबावडा या दोन्ही घाटांतून कोकणातले ढग वर येतात आणि थेट घरात शिरतात. कपाटातले कपडे, पुस्तकांची पानं, भिंती, सगळ्याला चार महिने ओल. स्पीकरला ही ओल तीन ठिकाणी गाठते. पहिली जागा वूफरच्या कडेची. कोन आणि लोखंडी चौकट यांना जोडणारी जी लवचीक कड असते, ती पुष्कळ स्पीकरमध्ये फोमची असते. दमट हवेत हा फोम पंधरा-वीस वर्षांत विरघळल्यासारखा होतो आणि बोट लावलं की भुगा पडतो. रबराची कड असेल तर ती कितीतरी जास्त टिकते. दुसरी जागा डब्याचा तळ. लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीला ओल लागली की ती फुगते, सांधे सुटतात आणि डबाच कुरकुरायला लागतो. तिसरी जागा मागची टोकं: तिथे हिरवट गंज चढतो आणि आवाज कधी येतो, कधी जातो.

याशिवाय आत क्रॉसओव्हर असतो. खालचे स्वर वूफरकडे आणि वरचे ट्वीटरकडे पाठवणारी ती पाटी. तिच्यातले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वर्षानुवर्षांनी आपलं मूल्य बदलतात आणि ट्वीटर हळूहळू मंद होतो. इतका हळू, की रोज ऐकणाऱ्याला कळतही नाही.

मामांच्या स्पीकरची जाळी काढली आणि डावीकडच्या खालच्या वूफरची कड बोटाला लागताच तुटली. खरखरीचा उलगडा तिथेच झाला. तरी खात्री हवी म्हणून मी डाव्या-उजव्या वायरी अदलून पाहिल्या. खरखर वायरीबरोबर उजवीकडे गेली असती तर दोष अँप्लिफायरमध्ये होता. ती डावीकडेच राहिली, म्हणजे दोष स्पीकरचा. ही परीक्षा फुकट आहे, दोन मिनिटांची आहे आणि नवीन जोडीसाठी पैसे मोजण्याआधी प्रत्येकाने करावी अशी आहे. आणखी एक करावी. वूफरच्या कोनावर दोन्ही हातांची बोटं समान ठेवून तो अगदी हलके आत दाबायचा. कोन गुपचूप आत-बाहेर झाला तर ठीक. घासल्याचा आवाज आला तर आतलं वेटोळं वाकलेलं किंवा भाजलेलं आहे. मामांचे चारही वूफर मुकाट्याने हलले. वेटोळी शाबूत, फक्त कडा गेलेल्या.

कडा बदलून देणारे, नवा कोन बसवणारे कारागीर कोल्हापुरात आहेत. मंडपवाल्यांचे आणि गणपती मंडळांचे स्पीकर त्यांच्या हातून दरवर्षी जातात. फक्त घरगुती वूफर घेऊन जाल तेव्हा एक गोष्ट स्पष्ट सांगा: कोन तोच ठेवायचा, नुसती कड बदलायची. कोनाचं वजन बदललं की तो वूफर त्या डब्याचा राहत नाही, कारण डब्याची मापं मूळ वूफर धरूनच काढलेली असतात. एका बाजूचा बदलला तर दुसऱ्याही बाजूचा बदलावा. आणि जोडून आल्यावर दोन्ही बाजूंना तांबडी वायर तांबड्यालाच लागली आहे ना, हे पाहावं. एका बाजूला उलटी लागली तर दोन्हीकडचे कोन एकमेकांविरुद्ध हलतात आणि तबल्याचा डग्गा हवेतच विरतो.

एक तक्रार सुटली. उरलेल्या दोन्हींशी स्पीकरच्या वयाचा फारसा संबंध नव्हता.

मामांनी तीन वर्षांपूर्वी जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं. जुनं घर जांभ्या दगडाचं, मंगलोरी कौलांचं, सारवलेल्या जमिनीचं. तिथे हेच स्पीकर सोप्यात उभे असायचे. खडबडीत जांभ्यावरून आवाज विखरून जायचा, कौलांच्या फटींतून आणि आढ्यातून खालचे स्वर बाहेर निसटायचे, सतरंज्या आणि धान्याची पोती उरलेलं शोषून घ्यायची. नव्या दिवाणखान्यात गुळगुळीत गिलावा, चकचकीत टाइल्स, काचेच्या खिडक्या आणि डोक्यावर सपाट स्लॅब. टाळी वाजवली की तिची किणकिण मागे ऐकू येते. शब्द धूसर व्हायला तेवढं पुरतं, कारण व्यंजनाचा तीक्ष्ण कण संपायच्या आत आधीच्या कणाचा पडसाद त्याच्यावर येऊन बसतो.

घुमण्याचं तर चक्क गणितच मांडता येतं. खोलीची लांबी सोळा फूट, म्हणजे ४.८८ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. वेग भागिले लांबीची दुप्पट केली की ती खोली कोणत्या स्वराला भुलते ते निघतं: ३५ हर्ट्झ, आणि मग त्याची पट, ७० हर्ट्झ. आता काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झची. म्हणजे तानपुरा छेडला की मामांची खोली त्याच्याबरोबर गायला लागते. स्पीकर समोरच्या भिंतीला टेकलेले आणि मामांची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली. त्या ७० हर्ट्झचा दाब नेमका या दोन टोकांना सर्वांत जास्त. तोच दाब भिंतीपासून लांबीच्या चौथ्या हिश्शावर, म्हणजे चार फुटांवर, जवळजवळ शून्य होतो.

मी खुर्ची चार फूट पुढे ओढली. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून अडीच फूट पुढे आणले. मामा डोळे मिटून बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘घुमणं गेलं की रे.’’

याच खोलीत नवे टॉवर आणले असते तर काय झालं असतं? नवे स्पीकर बहुधा आणखी खाली उतरले असते, ३५ हर्ट्झपर्यंतही, आणि खोलीची पहिलीच भूल त्यांनी जागी केली असती. घुमणं वाढलं असतं, तेही ऐंशी हजारांत.

शब्दांसाठी स्पीकरच्या आणि बैठकीच्या मध्ये जाड सतरंजी, मागच्या भिंतीवर घोंगडी आणि बाजूला पुस्तकांची मांडणी. शिवाय आणखी एक गोष्ट, जी परदेशी माहितीपत्रकांत कुठे लिहिलेली नसते. टॉवर स्पीकरचा ट्वीटर जमिनीपासून साधारण नव्वद ते शंभर सेंटीमीटरवर असतो, कारण ऐकणारा खुर्चीत किंवा सोफ्यावर बसलाय हे गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे गाणं ऐकायची पद्धत भारतीय बैठकीची. मांडी घालून बसलं की कान ट्वीटरच्या बराच खाली जातो आणि ट्वीटरचा आवाज डोक्यावरून निघून जातो. मामा खुर्चीत, पण मामी आणि आलेले-गेलेले सतरंजीवर. म्हणून स्पीकरच्या मागच्या बाजूला प्लायचे पाऊण इंची तुकडे सरकवून त्यांना किंचित पुढे झुकवलं. टॉवर जास्त झुकवले तर पडतात, म्हणून इतकंच. ज्यांच्या घरी सगळेच खाली बसून ऐकतात, त्यांनी टॉवर घेण्याआधी थांबावं. बुटक्या स्टुलावर ठेवलेली लहान पेटीवजा जोडी त्यांच्या कानाला जास्त जवळची पडेल.

लहान पेटी म्हटली की लोक नाक मुरडतात. एडगर व्हिलचर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ साली अमेरिकेत बंद डब्यातल्या हवेलाच स्प्रिंग करून लहान पेटीतून खोल स्वर काढून दाखवला होता, तरी उंचीची भुरळ सुटत नाही. डोळा कानाला कसा फसवतो याचा पुरावाही आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली मांडलेल्या प्रयोगात तेच श्रोते, तेच स्पीकर. एकदा पडद्याआड, एकदा समोर. स्पीकर दिसू लागताच गुण बदलले. मोठ्या, देखण्या स्पीकरांना जास्त आणि लहानांना कमी मिळाले. म्हणून दुकानात ऐकताना डोळे मिटावेत आणि दोन्ही जोड्यांचा आवाज सारखाच मोठा ठेवायला सांगावं. किंचित मोठा असलेला आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो.

आणि सोबत आपलं गाणं न्यावं. मामांचं गाणं म्हणजे जयपूर-अत्रौली घराण्याचं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब आले आणि ही गायकी या मातीत रुजली. खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका नाही. त्यांचा आवाज कुठलाही स्पीकर आणून देणार नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी मात्र १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर सूर्यमालेपलीकडे निघाली. केसरबाईंच्या काळातल्या ७८च्या तबकड्यांत फार खालचे आणि फार वरचे स्वर नाहीतच. जे आहे ते सगळं मधल्या पट्ट्यात. तिथे पट्टीचा खरा स्पीकर हवा, उंची नको. उलट चमकदार ट्वीटरचे नवे स्पीकर अशा मुद्रणातली सुईची खसखस तेवढी पुढे काढतात. घरात चित्रपट पाहिले जात असतील, भरपूर वाद्यवृंद ऐकला जात असेल, किंवा खोली खरोखर मोठी असेल, तर टॉवर बदलण्यात अर्थ आहे. वेटोळं जळलं असेल, डबा फुगला असेल आणि सुटे भाग मिळत नसतील तेव्हाही बेलाशक बदलावेत. अशा वेळी अँप्लिफायरकडे पाहायला विसरू नये: ८७ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरला ९० डेसिबलच्या स्पीकरइतकं वाजायला दुप्पट वॉट लागतात.

मामांनी कडा बदलून घेतल्या, कपॅसिटरही नवे टाकले. स्पीकरच्या तळाखाली ग्रॅनाइटचे तुकडे गेले, पश्चिमेची ओली भिंत सोडून त्यांना आतल्या भिंतीकडे जागा मिळाली. प्लास्टिकचं आवरण काढून सुती कापड आलं, कारण प्लास्टिक ओल आतच कोंडतं. पावसाळ्यात रोज तासभर वाजवायचं, विजा चमकायला लागल्या की प्लग काढायचा.

जूनमध्ये पुन्हा फोन झाला तेव्हा पाऊस लागला होता. मागच्या पडवीवर पत्रा आहे. त्याच्यावरचा मारा फोनमधूनही ऐकू येत होता आणि त्या आवाजाखाली मंद आलापी कुठल्या कुठे दबून जाते. मामा म्हणाले, ‘‘आता काही कळायचं नाही. दसऱ्याला ये. उघडीप झाली की शांतपणे बसून ऐकू, मग सांग बदलायचे का.’’