जुनी व्हिडिओ गेम मशीन घेताय? आधी हा हिशोब करा



मागच्या आठवड्यात नांदुऱ्याहून एका तरुणाचा फोन आला. "सर, जुन्या पार्लरच्या दोन मशीन भंगारात भेटून राहिल्या. हायवेवर गाळाही पाहून ठेवला. आईचे दागिने गहाण ठेवून घेऊन टाकू का?"

मी म्हटलं, "दागिने कपाटातच राहू दे. आधी हिशोब करू." व्हिडिओत फळ्यावर मांडलेला तोच हिशोब इथे सविस्तर देतोय.

मागणी आहे का?

आहे. नव्वदच्या दशकात खिशातला रुपया घेऊन पार्लरमध्ये पळणारी पोरं आज चाळिशीत आहेत, कमावती आहेत. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा 1993 चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' हा गेम आपल्याकडे त्यातल्या एका हिरोच्या नावाने, 'मुस्तफा' म्हणूनच ओळखला गेला. घरी कॅसेटवाल्या टीव्ही गेमवर मारिओ आणि काँट्रा. या लोकांना आपल्या मुलांना ते दाखवायचंय. पण वर्षातून एकदा हौसेने खेळणारा गिऱ्हाईक वेगळा आणि रोज येणारा वेगळा.

मशीन घेताना काय तपासायचं?

1. लाकडी पेटी: वाळवी आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी पाहा. पेटी सुतार नवी करून देतो, त्यामुळे निव्वळ पेटीसाठी जास्त पैसे मोजू नका.

2. वायरिंग: 1985 च्या सुमारास जपानमध्ये 'जामा' नावाची 56 पिनांची एकसारखी जोडणी ठरली. मशीन या पद्धतीची असेल तर एकाच पेटीत वेगवेगळे जामा बोर्ड बसतात. ती नसेल तर वायरिंगचा खर्च वेगळा धरा.

3. पॉवर सप्लाय: बोर्डाला 5 व्होल्ट लागतात. जुना सप्लाय थकला की व्होल्टेज खाली येतं, गेम अडकतो किंवा पुन्हा पुन्हा सुरू होतो. मालक म्हणतो 'बोर्ड गेला' आणि दोष सप्लायचा निघतो. मीटर सोबत न्या.

4. बोर्ड: काही बोर्डांवर बॅटरी असते. ती गळली की त्यातला द्रव तांब्याच्या रेषा खातो. पांढरा-हिरवट थर दिसला तर भाव पाडा किंवा सोडून द्या.

5. पिक्चर ट्यूब: सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात धोक्याचा भाग. मशीन बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. यूट्यूब पाहून स्वतः उघडू नका. गावात ट्यूबचे टीव्ही दुरुस्त करणारे एखादे काका असतातच. हे काम त्यांचं. या धंद्यात त्यांना नोकर नाही, भागीदार समजा.

जॉयस्टिक, बटणं, छोटे स्विच झिजतातच. हे पार्ट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला शोधा. एकदा गेलात की दोन-चार जास्तीचे घेऊन या.

आता पैशांचा हिशोब

आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही भरा. समजा एक मशीन 15 हजारांना मिळाली आणि दुरुस्तीला 15 हजार लागले. गुंतवणूक 30 हजार.

*पार्लर टाकलं तर:* भाडं 4 हजार, वीज 1 हजार, पोरगा ठेवला त्याचे 6 हजार. महिन्याला 11 हजार. एका गेमचे 10 रुपये घेतले तर नुसता खर्च निघायला महिन्याला 1,100 गेम, म्हणजे रोज 37 गेम. एक गेम 8 मिनिटांचा धरला तर मशीन रोज जवळपास 5 तास सलग चालली पाहिजे. पोरं दिवसभर शाळेत, संध्याकाळी ट्यूशनला, हातात मोबाईल. येतील 5 तास? आणि अजून तुमच्या खिशात एक रुपया आलेला नाही.

*भाड्याने दिली तर:* वाढदिवस, शाळेचं गॅदरिंग, लग्नाचं रिसेप्शन. एका संध्याकाळचे 2,500 घेतले. टेम्पो 700, मदतनीस 300. उरले 1,500. म्हणजे 20 कार्यक्रमांत गुंतवणूक वसूल. काम नसेल त्या महिन्यात मशीन घरात उभी, भाड्याचं मीटर चालू नाही. नांदुरा रेल्वे लाईनवर आणि हायवेवर आहे. मलकापूर, खामगाव, शेगावच्या ऑर्डर घेता येतात. एका गावावर अवलंबून राहू नका.

मशीन हलवताना ट्यूब आणि बोर्ड सैल होतात, हे लक्षात ठेवा. कार्यक्रमाच्या तासभर आधी पोहोचा आणि चालवून पाहा. ऐन वाढदिवसाला मशीन बंद पडली तर त्या गावात पुन्हा ऑर्डर नाही.

कायद्याचं काय?

शेकडो गेम भरलेली स्वस्त पेटी बाजारात मिळते. त्यात बहुतेक वेळा कॉपी केलेले गेम असतात. त्यावर धंदा करणं म्हणजे कॉपीराइट कायदा, 1957 अंगावर घेणं. जुना बोर्ड घेतानाही ओरिजिनल आहे की कॉपी, हे विचारा, कारण त्या काळी कॉपी बोर्ड खूप चालले. जिंकणाऱ्याला रोख बक्षीस तर अजिबात नको, ते जुगाराच्या कायद्यात जाऊ शकतं. पार्लर टाकायचंच असेल तर नगर परिषद आणि पोलीस स्टेशनला परवानगीची चौकशी आधी करा, गाळ्याचं डिपॉझिट नंतर द्या.

मग त्या तरुणाला काय सांगितलं?

दोन नाही, एकच मशीन घे. तीही साठवलेल्या पैशातून. महिनाभर काकांच्या शेजारी बसून दुरुस्ती शिक. पहिले तीन कार्यक्रम ओळखीत कर, पण फुकट करू नको, निदान टेम्पोचे पैसे घे. चौथी ऑर्डर अनोळखी माणसाकडून आली तर दुसऱ्या मशीनचा विचार कर. नाही आली तर एक मशीन विकून मोकळा होशील आणि आईचे दागिने आईकडेच राहतील.

तुमचा गृहपाठ: वहीत दोन रकाने करा, 'पार्लर' आणि 'भाडं'. आपल्या गावातले खरे आकडे विचारून भरा. गाळामालकाला, टेम्पोवाल्याला, मंगल कार्यालयवाल्याला प्रत्यक्ष भेटा. मशीन बघायला त्यानंतरच जा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.