लुडबुड की मदत?

केर काढायला घेतला की दीड-दोन वर्षांचे मूल केरसुणी ओढते. पोळ्या लाटताना त्याला लाटणे हवे असते. 'लुडबुड करू नकोस, जा खेळ' हे वाक्य मग घरोघरी ऐकू येते. हेच मूल पाचवीत गेले की 'कामाला हात म्हणून लावत नाही' अशी तक्रार होते. या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल का?

ही लुडबुड म्हणजे नुसती नक्कल की खरी मदत, हे आधी पाहू. जर्मनीतील लाइपझिग येथील माक्स प्लांक संस्थेतल्या फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी 18 महिन्यांच्या 24 मुलांवर केलेले प्रयोग 2006 साली प्रसिद्ध झाले. एका प्रयोगात संशोधक कपडे वाळत घालत असे. त्याच्या हातून चिमटा पडे. तो हात लांबवी, पण चिमटा हाती लागत नसे. काही मुलांसमोर मात्र तो चिमटा मुद्दाम खाली टाकी. खाऊ नाही, शाबासकी नाही, आईने सुचवायचेही नाही. तरीही 22 मुलांनी निदान एका प्रसंगात तरी मदत केली, आणि तीही बहुतेक वेळा तोंडाने काही मागण्याआधीच. मुद्दाम टाकलेली वस्तू उचलून देण्याचे प्रमाण मात्र कमी होते. याचा अर्थ, समोरच्याची अडचण या वयातही ओळखता येते.

त्याही आधी, 1982 साली, अमेरिकेत हॅरिएट राइनगोल्ड यांनी प्रयोगशाळेतच घरासारखी खोली मांडली. मोठी माणसे कागदाचे कपटे झाडत, कपड्यांच्या घड्या करत, टेबल मांडत. दीड ते अडीच वर्षांची मुले आपण होऊन त्यात सामील झाली.

मग पुढे ही हौस जाते कुठे? एक कारण उघड आहे. लहान मुलाची मदत म्हणजे मोठ्यांचे दुप्पट काम. दहा मिनिटांचा केर अर्धा तास चालतो. म्हणून आपण मुलाला दूर करतो. रोज असे झाले की मूल शिकते, 'काम मोठ्यांचे, खेळ माझा.' मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आदिवासी वारसा असलेली कुटुंबे आणि अनेक पिढ्या शिकलेली मध्यमवर्गीय कुटुंबे यांची तुलना केली होती. पहिल्या गटातली शाळकरी मुले घरातली कामे बरीच जास्त आणि स्वतःहून करत होती. दुसऱ्या गटातल्या मुलांचा वेळ मुख्यतः मोठ्यांनी आखून दिलेल्या उपक्रमांत जात होता.

दुसरे कारण आहे आमिष. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी 2008 साली 20 महिन्यांच्या मुलांवरील प्रयोग मांडला. मदतीबद्दल वस्तूरूपाने बक्षीस मिळालेली मुले पुढे, बक्षीस बंद झाल्यावर, काहीच न मिळालेल्या मुलांपेक्षा कमी मदत करू लागली. नुसत्या कौतुकाने असे नुकसान झाले नाही. 'झाडलेस तर चॉकलेट देईन' म्हणताना आपण कामाचा आनंद काढून घेतो आणि त्या जागी मजुरी ठेवतो.

मग घरी काय करावे? काम खरे, पण छोटे असावे. चिमटे हातात देणे, कांदे-बटाटे टोपलीत भरणे, चमचे नि वाट्या वेगळे करणे, मेथीची पाने खुडणे, रुमालाची घडी. शेगडी, विळी आणि पाण्याची बादली यांच्यापासून मूल दूरच हवे. त्याने केलेली घडी त्याच्यादेखत मोडून पुन्हा घालू नये. मूल कंटाळले तर त्याला जाऊ द्यावे; ही मदत आहे, राबवून घेणे नव्हे. आणि मुलगा जरा मोठा झाला की त्याच्या हातची केरसुणी काढून बहिणीच्या हाती देऊ नये.

पालकसभेत हा विषय जरूर काढावा. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना चिमट्याचा प्रयोग घरी किंवा शेजारी करता येईल. दीड-दोन वर्षांच्या मुलासमोर चिमटा एकदा चुकून पडू द्या, एकदा मुद्दाम टाका. काही बोलू नका, दहापर्यंत अंक मोजा आणि काय घडले ते लिहा. वर्गातल्या सगळ्यांच्या नोंदी फळ्यावर मांडल्या की 'लहान मुलांना काय कळते?' या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थीच देतील.